दारं आधी, माणसं मागून

घर ही माणसाने निसर्गावर मिळवलेली पहिली मालकी होय. हे वाक्य माझंच आहे. पैनगंगेच्या काठावरच्या एका शाळेत मी ते सुविचार म्हणून फळ्यावर लिहिलं होतं, तेही पट्टी धरून. पण आठवडाभर ते कुणालाच वाचता आलं नाही, कारण फळ्यासमोर गावातली एकतीस दारं चौकटींसकट रचून ठेवलेली होती, आणि त्या दारांची घरं खाली, पाण्याच्या वाटेत, उघडी उभी होती.

आर्णीहून येणारी बस फाट्यावर सोडायची. तिथून काळ्या मातीतून दीड तास चालायचं. पावसाळ्यात अडीच तास लागायचे, कारण दर पावलाला चपला मातीकडून सोडवून घ्याव्या लागत. गाव नदीच्या वळणात होतं. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला टेकडी, आणि टेकडीच्या पायथ्याशी, जरा उंचावर, शाळा. पलीकडचा काठ दुसऱ्या जिल्ह्याचा. मी यवतमाळचा, त्या शाळेचा मास्तर. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी झाली. आमच्याकडे मालमत्ता म्हणजे ट्रंकेतले कागद. त्यामुळे मातीच्या भिंतीचं, कवेलूंच्या म्हणजे कौलांच्या छपराचं, वाकून शिरायचं घर आणि त्याला वाड्याला शोभावी अशी सागवानी चौकट, हा हिशेब मला पहिल्या वर्षी लागला नाही.

हिशेब साधा होता. भिंत नदी नेते, ती पुन्हा घालता येते. माती फुकट आहे आणि नदीच आणून देते. सागवान मात्र पुन्हा मिळत नाही. आजोबा-पणजोबांनी जंगलातून आणलं तेव्हा विचारणारं कुणी नव्हतं, आता विचारणारे फार होते. घराच्या जागेचा कागद गावात कुणाकडेच नव्हता. म्हणून गावाने आपला कायदा केला होता: चौकट उभी तिथं घर. भाऊ वेगळे झाले की धाकट्याच्या नव्या चौकटीची पूजा व्हायची, आणि तेव्हापासून तो वेगळा धरला जायचा. तलाठी काय लिहितो ते नंतर.

पुरासाठीही कायदा होता. नदीकाठच्या उंबराच्या बुंध्यावर चुन्याच्या तीन रेघा होत्या. पाणी पहिल्या रेघेला आलं की गुरं टेकडीवर न्यायची. दुसऱ्या रेघेला दारं. तिसऱ्या रेघेला माणसं. हा क्रम मला कुणी सांगितला नव्हता. पहिल्या पावसाळ्यात, एका सकाळी चार जण खांद्यावर काहीतरी आडवं घेऊन गंभीर चेहऱ्याने टेकडीकडे चाललेले दिसले, म्हणून मी रस्त्याच्या कडेला हात जोडून उभा राहिलो. ते जवळून गेले तेव्हा त्याला कडी-कोयंडा दिसला. त्या वेळी कुणी हसलं नाही. नंतर वर्षभर हसले.

मी ज्या घरात राहत होतो ते नदीकडून पहिलं. घरात दोघंच. म्हाताऱ्याला सगळं गाव बाबाजी म्हणायचं, म्हातारीला माय. मुली सासरी गेलेल्या. बाबाजी म्हणजे गावाचं न छापलेलं पंचांग. चौकट कोणत्या दिवशी बसवायची, कोणत्या दिवशी हात लावायचा नाही, हे विचारायला लोक त्यांच्याकडे येत. ते आकाशाकडे बघून सांगत, आणि सांगितलेलं मोडत नसत, स्वतःसाठीही नाही. शेवटचा भाग पुढे महाग पडला.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पूर्वी कापूस दिवाळीनंतर वेचला जायचा आणि होळीच्या आत घराबाहेर पडायचा. त्या वर्षी तो जाईना. भाव पडलेला. दर आठवड्याला कुणीतरी आर्णीच्या बाजारातून 'थोडं थांबा' एवढाच निरोप आणायचा आणि गाव थांबायचं. पाऊस लागला, पेरण्या झाल्या, नवी पऱ्हाटी शेतात गुडघ्याला आली, तरी जुना कापूस घरातच होता. आमच्या माजघरात तो आढ्याला टेकला होता. माझ्या खोलीत अर्ध्यावर. बाबाजी आणि माय ओसरीवर झोपत. अंगाला सतत खाज. माय चुलीची काडी अंगणात जाऊन ओढायची आणि पदराआड धरून आत आणायची. बाबाजी बिडी ओढायला नदीवर जात. पाहुणा आला तर तो या दोघांकडे आला की कापसाकडे, असा प्रश्न पडावा.

मला तेव्हा आगीची भीती वाटायची. पाणी मी मोजत नव्हतो.

भादव्याच्या शेवटी, पित्रं सुरू होऊन तीन दिवस झाले असताना, वर कुठंतरी फार पाऊस झाला. आमच्याकडे ऊन होतं, त्यामुळे ते पाणी जास्तच वाईट वाटलं. सकाळी पहिली रेघ बुडाली. गुरं गेली. मी शाळेला सुट्टी दिली आणि उंबराजवळ जाऊन उभा राहिलो. पाणी चढताना आवाज करत नाही. नुसतं रेघेकडे बघत राहायचं, आणि डोळे मिटून उघडले की रेघ बारीक झालेली असते. मी शिकलेला माणूस, मी घड्याळ लावून बघत होतो. त्याने पाण्याला काही फरक पडला नाही, फक्त मला किती वाजता घाबरलो ते नेमकं कळलं.

दुपारी दुसरी रेघ भिजली आणि गावभर खुंट्या ठोकायचे आवाज सुरू झाले. आमच्या घरी मात्र भांडण सुरू झालं.

माय म्हणाली, "आंधी कापूस काढा. दाराले काय होते? सागवान हाये, तरंगन."

"तरंगन अन् वाहत चांद्याले जाईन," बाबाजी म्हणाले.

"कापूस भिजला तं कुठीच जात नाई. इथंच सडते."

"उंबरावर कापसाची रेघ नाई. म्हाया बापानं मारली नाई, त्याच्या बापानं मारली नाई."

"त्याईच्या वक्ताले भादव्यात कापूस घरात नव्हता," माय म्हणाली. "आता तुमी मारा."

बाबाजींनी हातोडा घेतला आणि पहिली खुंटी ठोकून काढली. मला वाटतं त्यांना माय बरोबर आहे हे कळलं होतं. पण एका दुपारी, पाणी पायरीखाली असताना, नवा कायदा करणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. चौकटीभोवतीचा वाळलेला मातीचा गारा फोडला, वरचं लाकूड भिंतीसाठी तसंच ठेवलं, आणि चौकट फळ्यांसकट बाहेर आली. मी एका कोपऱ्याला हात लावला. मदत झाली असं कुणी म्हणालं नाही. परत येऊन मी आणि मायनं होईल तेवढा कापूस पोत्यांत भरून वर माळ्यावर रचला. संध्याकाळपर्यंत शाळेत एकतीस दारं झाली. मुलांना बसायला जागा राहिली नाही.

पाणी आमच्या जोत्याला लागलं आणि थांबलं. तिसरी रेघ कोरडीच राहिली. दोन दिवस ते जोत्याला लागून उभं होतं, तिसऱ्या दिवशी काही न बोलता उतरलं. जमिनीतून ओल चढून खालचा हातभर कापूस भिजला, बाकी वाचला. एकही भिंत पडली नाही. नुकसान मोजायला गेलं तर मुख्य नुकसान बकऱ्यांनी केलं होतं, कारण घरांना दारं नव्हती.

मग साहेब आले.

तालुक्याहून पथक येणार ही बातमी आधी आली. पुराच्या रेषेखालच्या राहत्या घरांची यादी होणार होती, आणि यादीत नाव आलेल्यांना टेकडीवर सरकारी प्लॉट, नावाच्या पट्ट्यासकट. गावात पहिल्यांदाच घराच्या जागेचा कागद येणार होता. आमचं घर नदीकडून पहिलं, म्हणजे जायचं झालं तर सगळ्यांत आधी जाणारं. मायनं मला दोनदा विचारलं की कागदावर तिचंही नाव लावता येते काय. मी म्हणालो, येतं. तिनं नवऱ्याकडं न बघता मान हलवली.

साहेबांचे बूट गुडघ्यापर्यंत रबरी होते आणि चेहरा थकलेला. बरोबर तलाठी, छत्रीवाला, फोटोवाला. सरपंचांनी शाळेतली माझी खुर्ची नेऊन चिखलात मांडली. ती एका बाजूने खचत होती, त्यामुळे साहेब भाषणभर हळूहळू नदीकडे कलत गेले. शासन आपल्या जीवित आणि मालमत्तेच्या पाठीशी खंबीरपणे उभं आहे, असं ते म्हणाले. मग उठले आणि काम सुरू झालं. लिहायला मी. सरकारी यादी कसलीही असो, अक्षर मास्तरचं लागतं. तीन प्रती, मध्ये दोन कार्बन, जोर लावून.

पहिलं घर आमचं. भिंती: माती. छप्पर: कवेलू. दार?

साहेबांनी भगदाडाकडे पाहिलं. मी सांगितलं की दार आहे, वर शाळेत आहे.

"घर इथं आणि दार शाळेत?"

मी रेघा समजावून सांगू लागलो. साहेबांनी हात वर केला. त्यांच्याकडे सूचना होती: दरवाजा नसलेली वास्तू राहती धरू नये. दुसऱ्या एका गावात लोकांनी गोठे घर म्हणून दाखवले होते, तेव्हापासूनची. सूचना वाईट नव्हती. तिची आणि आमच्या गावाची भेट झालेली नव्हती, एवढंच. शिवाय आत माणसाच्या सामानापेक्षा कापूसच दिसत होता. "हे गोडाऊन झालं," साहेब म्हणाले, आणि मला लिहायला सांगितलं. मी लिहिलं: दार नाही. राहतं नाही. ज्या घरात मी तीन वर्षं जेवत होतो, त्याच्याबद्दल मी माझ्या सुवाच्य अक्षरात, तिसऱ्या प्रतीवर उमटेल इतक्या जोराने हे लिहिलं. बोलायला हवं होतं. पण माझी बदलीची फाइल साहेबांच्याच कचेरीत होती, आणि मला वाचनाची सवय असल्यामुळे गप्प बसण्याची कारणं पटकन सुचतात.

अकरा घरं झाली, अकरा वेळा 'नाही' झालं. मग आभाळ भरून आलं. साहेब म्हणाले, उरलेली घरं आणि ज्यांची तक्रार असेल ती, चौथ्या दिवशी. त्यानंतर यादी वर जाईल.

गावाला कळायला अर्धा तास लागला. जी गोष्ट वाचवली म्हणून घर वाचलं असं पिढ्यान्पिढ्या मानलं, ती वाचवली म्हणूनच घर गेलं होतं. त्याच संध्याकाळी लोक शाळेकडे निघाले. पण पित्रं चालू होती, आणि पितृपक्षात चौकट बसवत नाहीत. हे बाबाजींनीच आयुष्यभर सांगितलेलं. लोक येऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. ते म्हणाले, "ज्याले बसवाची त्यानं बसवा. मले पुसू नोका."

आधी एकानं नेली, मान खाली घालून, मागच्या वाटेने. दुसऱ्या दिवशी दहा गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी फळ्यासमोर एकच चौकट उरली. तिच्यामागून माझा सुविचार वाचता येऊ लागला होता. मी तो पुसला.

ते तीन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. मायनं रडणं, भांडणं काहीच केलं नाही, त्यानं मला जास्त भीती वाटली. ती दाराच्या भगदाडाला पोतं टांगायची, वाऱ्याने पडलं की पुन्हा टांगायची. मी बाबाजींना शास्त्र सांगून पाहिलं, म्हणजे सगळं मनाचं असतं असं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं की शाळेत मुलांना प्रार्थना कायले म्हणायला लावता. मी विषय सोडला. मला खात्री होती की हे घर यादीतून जाणार, आणि ते माझ्या अक्षरात जाणार.

मायनं मात्र आदल्या दिवशीच बाजाराला जाणाऱ्या एका बाईबरोबर आर्णीला निरोप धाडला होता. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर मिस्त्री आले. आर्णीचे मुसलमान सुतार, साठीचे, या गावातली निम्मी दारं त्यांच्या आणि त्यांच्या वडलांच्या हातची. मोटारसायकल फाट्यावर लावून चिखलातून चालत आले होते. बाबाजी भटजींचं ऐकत नसत, पण चौकटीच्या बाबतीत मिस्त्रींचं ऐकत. मिस्त्री पाणी प्याले, त्यांनी पाय धुतले, सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "बाबाजी, बसवाची म्हंजे काय? खुंटी ठोका, गारा भरा, वरून लिंपा. चाळीस साल मी हेच करून राह्यलो. खुंटी नाई, गारा नाई, तं बसवलीच कुठी? टेकून ठेवा ना भिताडाले. टेकवाले पित्रं कायले ना म्हनतीन?"

बाबाजींनी उठून भगदाडाशेजारची भिंत हाताने चाचपून बघितली. माय पोतं हातात धरून उभी होती. मग ते म्हणाले, "दाराच्या जागी नाई. बाजूले."

"बाजूले," मिस्त्री म्हणाले. "अन् उलटी, आतली बाजू बाहेर. नाई तं फळ्या भिताडात अडकतीन, उघडनार नाईत."

चौकट खाली आली आणि भगदाडाच्या शेजारी, भरीव भिंतीला टेकवली गेली. मायनं तिला हळद-कुंकू लावलं नाही, कारण मग ती पूजा झाली असती. नुसती ओल्या फडक्याने पुसली. त्या रात्री मला झोप आली नाही. साहेबांना काय सांगायचं याची मी सात-आठ वाक्यं मनात तयार केली. चांगली वाक्यं होती.

चौथ्या दिवशी साहेब आले ते दुपारी, उन्हात, भाषण न करता. वीस घरं भराभर झाली, मग आधीची दहा दुरुस्त झाली. सगळ्या दारांचा गारा ओला होता, पण त्याबद्दल सूचनेत काही नव्हतं. शेवटी आमचं. साहेब समोर उभे राहिले. डाव्या हाताला भगदाड, त्यावर पोतं. उजव्या हाताला दार. माझी सगळी वाक्यं गेली.

"हे दार या घराचं?"

"होय जी," बाबाजी म्हणाले.

"उघडतं?"

बाबाजींनी डोक्यावरची टोपी सारखी केली, कडी काढली आणि दोन्ही फळ्या पूर्ण उघडल्या. आत शेणाने सारवलेली भिंत होती, मधोमध एका लहान हाताचा जुना पंजा उमटलेला. साहेब त्या भिंतीकडे बघत राहिले. छत्रीवाला बघत राहिला. मायनं पदर तोंडाशी धरला होता. फोटोवाल्याने सवयीने फोटो काढला.

"इथं राहता?" साहेबांनी मायला विचारलं.

"कुठी जाऊ मंग?" माय म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे हात केला. मला वाटलं कागद मागताहेत. ते म्हणाले, "लिहा. दार आहे. उघडतं."

मी 'नाही' खोडलं, तिन्ही प्रतींवर. खाडाखोडीवर साहेबांची सही लागते, ती त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून केली. बाबाजींनी चहाचा आग्रह केला. साहेब पोतं बाजूला सारून भगदाडातून आत गेले आणि, तिथं चौकट नसतानाही, चौकट असल्यासारखे वाकले.

पित्रं संपल्यावर, घटस्थापनेच्या सकाळी, बाबाजींनी चौकट तिच्या जागी रीतसर बसवली. पट्टे यायला तीन वर्षं लागली. तोवर माझी बदली झाली होती. मायच्या पट्ट्यावर तिचं नाव आधी आहे, बाबाजींचं नंतर. हे कारकुनाच्या चुकीने झालं, आणि कुणी दुरुस्त करू दिलं नाही. पट्ट्यावर एक अट होती: ठरावीक मुदतीत प्लॉटवर घर उभं दिसलं नाही, तर जागा परत जाईल. मग एका अक्षय तृतीयेला गावाने एकतीसही चौकटी वर नेल्या, मुहूर्ताने, पूजेसकट, खुंट्या ठोकून बसवल्या आणि तपासणीला आलेल्या माणसाला दाखवल्या.

मागच्या उन्हाळ्यात मी तिकडे गेलो होतो. टेकडीवर ओळीने एकतीस सागवानी चौकटी उभ्या आहेत. प्रत्येकीवर पत्र्याचा नंबर आहे, प्रत्येकीला कुलूप आहे. भिंती नाहीत. मायच्या चौकटीचं कुलूप तिनं मला उघडून दाखवलं. किल्ली तिच्या कंबरेला होती. बाबाजी आता नाहीत. माय खालीच राहते, नदीकडून पहिल्या घरात, पोत्याच्या पडद्यामागे, आणि बाकीचं गावही तिथंच आहे. कापूस या वेळी लवकर विकला गेला होता, त्यामुळे घर मोठं वाटलं. मी तिला विचारलं की वर राहायला काहून गेली नाहीस. ती म्हणाली, सरकारनं टेकडीवर बोअर दोनदा मारली.

दोन्ही वेळा पाणी लागलं नाही.